खंडेनवमी वर्षातून एकदाच का?

खंडेनवमीच्या दिवशी आपल्या मुरगुडात कोणत्याही वेल्डिंगच्या किंवा लेथच्या वर्कशॉपसमोरून जावे, मन प्रसन्न होते. जमीन झाडून सडा मारलेला असतो, यंत्र पुसून लख्ख केलेले असते, पाने-पकडी हारीने मांडून त्यांवर झेंडूची फुले वाहिलेली असतात. दुसऱ्या दिवशी आपण सोने लुटतो आणि तिसऱ्या दिवसापासून तेच वर्कशॉप पुन्हा पहिल्यासारखे होते. तेलाच्या चिंध्या कोपऱ्यात, लोखंडाचा कीस पायाखाली, वेल्डिंगची केबल वाटेत आडवी. वर्षातले ३६४ दिवस असे का, हा प्रश्न मला डॉक्टर म्हणून पडतो, कारण त्या पसाऱ्याचे बिल शेवटी दवाखान्यात भरावे लागते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या खेड्यातले एक गृहस्थ खोकल्यासाठी माझ्याकडे येत असत. वय पंचेचाळीसच्या आत, पण दवाखान्याच्या चार पायऱ्या चढताना धाप लागे. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी छातीचा फोटो पाहून क्षयाचे औषध सुरू झाले. कोर्स पुरा झाला, धाप मात्र वाढतच गेली. एके दिवशी त्यांच्या पत्नी सहज म्हणाल्या, "डॉक्टर, कामावरून आले की ह्यांच्या अंगावरची बारीक वाळू अंथरुणातसुद्धा येते बघा." तेव्हा मी पहिल्यांदा विचारले, "काम काय करता?" एका फाउंड्रीत अठरा वर्षे फेटलिंग, म्हणजे कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि जादा लोखंड ग्राइंडरने घासून काढण्याचे काम. मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली आणि निदान आले, सिलिकोसिस.

इटलीतील रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे की, रोग्याला त्याचा धंदा कोणता हे विचारल्यावाचून राहू नये. एवढा साधा प्रश्न विचारायला मला इतके महिने लागले, याची खंत आजही वाटते. म्हणूनच हा लेख.

कोल्हापूर म्हणजे ओतकामाचे माहेरघर. उद्यमनगरातल्या तेलाच्या इंजिनांनी जिल्ह्याचे नाव केले, पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथे कारखाने उभे राहिले. आपल्या भागातली कितीतरी मुले रोज सकाळी डबा घेऊन तिकडे जातात. त्या कामावर घरे उभी राहिली, याबद्दल दुमत नाही. परंतु साच्याच्या वाळूत सिलिका असते. वाळू ओली असेपर्यंत ती फारशी उडत नाही. वितळलेल्या लोखंडाने ती सुकते आणि मग साचा फोडताना, ग्राइंडिंग करताना आणि कोरडा झाडू मारताना तिची धूळ होते. यातली डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात अडकते. खरी घातक धूळ दिसतच नाही. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक असे ते कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. तिथे गाठी होतात, फुप्फुस कडक होत जाते. ते पुन्हा पूर्ववत करणारे औषध आजही नाही. शिवाय अशा माणसाला क्षय होण्याचा धोकाही कितीतरी पटीने वाढतो.

इथे एक समजूत दूर केली पाहिजे. "रोज गुळाचा खडा खाल्ला की धूळ निघून जाते," असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. गूळ आपला आहे, गोड आहे, जरूर खावा. पण गूळ जातो पोटात आणि धूळ जाते फुप्फुसात. दोघांची गाठ कुठेच पडत नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालाचेही तेच. करोनाच्या साथीत एन-९५ मास्क घरोघरी माहीत झाला. धुळीच्या कामाला निदान त्या दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा.

पण मास्क ही शेवटची ढाल झाली. पहिली गोष्ट म्हणजे धूळ उडूच न देणे. ग्राइंडरजवळच धूळ ओढून घेणारा पंखा आणि नळी बसवावी. कोरड्या झाडूऐवजी जमीन ओली करून झाडावी, जमल्यास धूळ ओढणारे यंत्र वापरावे. मात्र भट्टी आणि ओतकामाच्या जागी पाणी नको. वितळलेले लोखंड ओल्या जमिनीवर सांडले, तर वाफेचा स्फोट होतो. सुट्टी झाल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकण्याची सवय तर आजच सोडावी. कामाचे कपडे तिथेच बदलावेत, म्हणजे धूळ घरात पोराबाळांपर्यंत येणार नाही.

फाउंड्री दूर असेल, पण वर्कशॉप तर आपल्या गल्लीत आहे. रात्री अकराला दार वाजते आणि डोळे चोळत एखादा पोरगा उभा असतो. दिवसा चष्म्याशिवाय वेल्डिंग पाहिलेले असते आणि त्रास काही तासांनी सुरू होतो. ग्राइंडरचे गार्ड अडचण म्हणून काढून ठेवतात आणि चाक फुटल्यावर जखम घेऊन येतात. लेथवर गळ्यात टॉवेल, मनगटात कडे, हातात मोजे, हे तिन्ही घात करणारे आहेत. सांडलेले तेल लगेच पुसले, प्रत्येक हत्याराला जागा ठरवली आणि जायची वाट मोकळी ठेवली, तर निम्मे अपघात टळतील असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

मालक म्हणतील, "डॉक्टर, ऑर्डर वेळेवर द्यायची की झाडलोट करत बसायचे?" त्यांना एवढेच सांगतो की, हत्यार शोधण्यात जाणारा वेळ एकदा घड्याळ लावून मोजा. १९४८ च्या कारखाना कायद्याने रोज केर काढणे, आठवड्यातून एकदा जमीन धुणे, भिंतींना चुना काढण्याची मुदत इतके बारीकसारीक लिहून ठेवले होते. पण मूळ कायद्यात यंत्रावर चालणाऱ्या आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या वर्कशॉपला तो सहसा लागूच होत नसे. म्हणजे जिथे देखरेख नाही, तिथे मालकाची माणुसकी हाच कायदा. ऑस्ट्रेलियाने तर स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरला जाणारा कृत्रिम दगडच सिलिकोसिसमुळे १ जुलै २०२४ पासून बंद केला.

कामगार बंधूंनाही सांगणे आहे. मास्क दिला तर तो खुंटीला टांगू नका. वर्षातून एकदा छातीचा फोटो आणि फुंकर मारायची तपासणी करून घ्या. आणि कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, तर त्यांनी न विचारताही आपले काम सांगा.

ते गृहस्थ आता कामावर जात नाहीत. परवा त्यांचा मुलगा आला होता, त्यालाही फाउंड्रीत काम मिळाले आहे. मी त्याला औषध दिले नाही, एक मास्क दिला आणि वर लिहिलेले सगळे सांगितले. ज्या हत्यारांची आपण पूजा करतो, ती चालवणारा हातही तितकाच पूजनीय आहे. रोज सुट्टीआधीची पंधरा मिनिटे खंडेनवमीची समजा, एवढीच विनंती.