पायपेटी भंगारात जाण्याआधी

क्लॅव्हिसिथेरियम हे युरोपच्या जुन्या संगीतातले एक दुर्मीळ वाद्य. हार्पसिकॉर्डच्या तारा आडव्या असतात. इथे त्या भिंतीला टेकल्यासारख्या उभ्या. 1480 च्या सुमाराचे एक क्लॅव्हिसिथेरियम लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या संग्रहालयात आहे. पट्ट्या आणि तारा असलेल्या वाद्यांपैकी जगात शिल्लक राहिलेले सर्वांत जुने वाद्य ते हेच. असे वाद्य कमी जागेत मावते, पण कारागिराला दमवते. हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की नखी लावलेली लाकडी पट्टिका वर उचलली जाते, तार छेडते आणि आपल्याच वजनाने खाली येते. तारा उभ्या केल्या की हीच पट्टिका आडवी सरकते. मग तिला माघारी आणायला वेगळी योजना करावी लागते. ही कटकट फार थोड्यांनी पत्करली. लंडनमधले ते वाद्य आज वाजत नाही. पण कुणी तरी ते जपले, कुणी मोजमापे घेतली, म्हणूनच त्याच्या प्रतिकृती बांधता आल्या आणि पाचशे वर्षांपूर्वीचा तो नाद आज पुन्हा कानावर पडू शकतो.

यवतमाळच्या वाचकाने याची दखल का घ्यावी? आपल्याकडची पायपेटी आणि ऑर्गन आज दुर्मीळ होण्याच्या त्याच वाटेवर आहेत म्हणून. युरोप-अमेरिकेतून आलेली ही वाद्ये मराठी माणसाने आपलीशी केली. 1911 च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीवादक होते. बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गनचा भरदार सूर असे. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद ठेवले, तरी नाटकाने, कीर्तनाने आणि भजनाने तिला सोडले नाही. आता मात्र बटण दाबताच शंभर वाद्यांचे आवाज काढणारा कीबोर्ड आला आहे. तो हलका आणि स्वस्त आहे, त्याला बोल लावण्याचे कारण नाही. पण त्याच्यासाठी जागा करताना पायपेटी अडगळीत जाते आणि पुढे भंगारवाल्याकडे लाकडाच्या भावाने, हे मात्र सहन होण्यासारखे नाही.

यवतमाळ हा सागवानाचा जिल्हा. चांगल्या लाकडाची किंमत इथे कुणाला शिकवावी लागत नाही. विदर्भाचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा लाकडाचे, सरसाचे, भात्याच्या चामड्याचे काय करतो, हेही इथल्या सुताराला ठाऊक आहे. एखादी जुनी पेटी यातून तगली असेल, तर तो हाती लागलेला ठेवा समजला पाहिजे.

या जिल्ह्याने साहित्य संमेलन दोनदा भरवले: 1973 मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, 2019 मध्ये अरुणा ढेरे. शब्दांचा एवढा मान राखणाऱ्या गावांना एक छोटे काम जमण्यासारखे आहे. वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस, उमरखेड आणि खुद्द यवतमाळ इथल्या जुन्या शाळा, भजनी मंडळे, देवळे आणि वाडे यांमधल्या पायपेट्या आणि ऑर्गन शोधून त्यांची यादी करावी. प्रत्येकीचे छायाचित्र, बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी, सप्तके किती, रीडच्या (सूर देणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) ओळी किती, ती कुणी कुठे वाजवली, एवढे लिहून घेतले तरी खूप झाले. जिच्यातून सूर निघतो, तिचे ध्वनिमुद्रण लगेच करावे. महाविद्यालयांच्या संगीत विभागांनी हे अंगावर घ्यावे आणि जिल्हा प्रशासनाने त्यांना थोडा प्रवासखर्च द्यावा.

पेटी दुरुस्त होतच नाही हा समज आधी काढून टाकायला हवा. फाटलेला भाता नव्याने चढवता येतो. रीड टोकाशी घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो. जाणत्या हाताचे ते काम आहे. तो हात मिळेपर्यंत पेटीला हौसेने नवे पॉलिश मारू नये, निघालेली रीड फेकू नये. भिंतीच्या ओलीपासून आणि वाळवीपासून तिला दूर ठेवावे. पेटी दुरुस्त करणारे जे थोडे कारागीर उरले आहेत त्यांची नावेही याच यादीत यावीत, आणि त्यांच्याजवळ शिकायला बसणाऱ्या एकदोन मुलांना विद्यावेतन मिळावे.