मांडीची शीर आणि एलीयाची झोप

दुखणे अंगावर काढणाऱ्याचे आपल्या मंडळीत फार कौतुक होते. अंगात ताप असताना वाचनाला उभा राहिलेला तरुण, गुडघे सुजलेले असूनही प्रार्थना संपेपर्यंत न उठलेली आजी, यांच्याविषयी आपण वर्षानुवर्षे आदराने बोलतो. बोलावेच. पण हीच फूटपट्टी पहाटे धावणाऱ्याच्या दुखऱ्या मांडीला लावली जाते, तेव्हा आम्हाला ती मान्य नाही.

थंडी पडली की उज्जैनच्या टावर चौकात पहाटे पावलांचा आवाज येऊ लागतो. रात्री खाण्याच्या गाड्यांनी गजबजलेला हा फ्रीगंजचा चौक त्या वेळी मोकळा असतो. येथून कोणी शहीद पार्ककडे वळतो, कोणी कोठी रोडला लागतो. माळव्यात धावण्याचे दिवस हेच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्याच्या उन्हात आणि पावसाळ्याच्या चिखलात बहुतेकांचे बूट कपाटातच राहतात. त्यात डिसेंबरात वसई-विरारची मॅरेथॉन, जानेवारीत मुंबईची. तिकडच्या नातेवाइकांचे गळ्यात पदक घातलेले फोटो येतात, आणि इकडचे चाळिशीतले गृहस्थ सहा महिन्यांच्या विश्रांतीनंतर एकदम पाच किलोमीटर धावून येतात. दोन दिवसांनी तेच गृहस्थ देवळाच्या पायऱ्या कठडा धरून उतरताना दिसतात.

मग सल्ले सुरू होतात. एक सल्ला असा, की प्रभूचे नाव घ्या आणि धावत राहा, पाय आपोआप सुटेल. दुसरा असा, की आता वय झाले, पुरे करा. पहिल्या सल्ल्याने माणूस महिनाभर लंगडतो. दुसऱ्याने तो कायमचा घरी बसतो, आणि आम्हाला भीती या दुसऱ्याचीच जास्त वाटते. आमच्या चौघा-पाचजणांच्या गटात एकाची साखर काठावर आहे, दुसऱ्याचे वडील हृदयविकाराने लवकर गेले. सगळ्यांचा दिवस खुर्चीत जातो. अशा माणसांनी एका आखडलेल्या स्नायूपायी धावणे सोडणे परवडणारे नाही.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे तीन स्नायू. बसताना ज्या हाडावर आपला भार येतो तेथून ते निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन जोडले जातात. धावताना पाय पुढे झेपावतो, तेव्हा त्या झेपेला लगाम घालण्याचे काम हे स्नायू करतात, आणि तेही स्वतः लांब होत असताना. ताण सर्वांत जास्त त्याच क्षणी असतो. यहोशवाच्या पुस्तकात, अकराव्या अध्यायात, शत्रूच्या घोड्यांच्या मागच्या पायांच्या शिरा तोडल्याचे आले आहे. तेवढ्याने रथ निकामी होत. ही जागा किती मोलाची आहे, हे त्या काळच्या सैनिकांना पक्के ठाऊक होते.

दुखणे मात्र सगळे एकसारखे नसते. आपल्या भाषेत त्याला वेगवेगळे शब्द आहेत, ते नीट वापरले तरी अर्धे निदान होते. मांड्या भरून आल्या असतील, दोन्ही पायांत सारखे दुखत असेल आणि एक-दोन दिवसांनी वाढून मग ओसरत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. सवय मोडलेल्या स्नायूची ती कुरकुर आहे. हलके चालत राहावे. शीर ओढली गेली, म्हणजे धावता धावता एकाच जागी कळ आली, तर तेथेच थांबावे. कट्‌कन आवाज होऊन मांडी काळीनिळी पडली, किंवा कळ गुडघ्याखाली उतरून पायाला मुंग्या येऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवावे, कारण दुसऱ्या प्रकारात मूळ कमरेत असू शकते. पोटरी सुजून गरम लागत असेल तर त्याच दिवशी दाखवावे. पेनकिलर घेऊन धावायला जाणे तर अजिबात नको. ती घेतल्यावर धोक्याची सूचनाच कळत नाही.

राहिले आखडणे, आणि घोळ सगळा येथेच होतो. आखडले म्हणजे ओढून लांब करायचे, असे आपण धरून चालतो. कडाक्याच्या थंडीत टावरच्या कठड्यावर टाच ठेवून, दात-ओठ खाऊन पाय ताणणारे रोज दिसतात. स्नायू पुष्कळदा आखूड झालेला नसतो, तो कमजोर झालेला असतो आणि म्हणून घट्ट वाटतो. त्याला ताणण्यापेक्षा ताकद हवी असते. बसण्याच्या हाडापाशीच दुखत असेल, बाकावर बसवत नसेल, तर जोरात ताणल्याने ते वाढतेच.

आधी दहा मिनिटे भरभर चालावे, मग हळू धावावे, इतके हळू की शेजाऱ्याशी बोलता यावे. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असेही चालते. घरी उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करावा. तो सोपा वाटू लागला की पुढचा एक आहे: गुडघे टेकायचे, कोणाला तरी घोटे धरून ठेवायला सांगायचे आणि धड सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचे. डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. हा व्यायाम करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत ५२. गुडघे टेकण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना तो जमायला हरकत नाही, फक्त चाळिशीत घाईने सुरू करू नये.

तरीही कोणी म्हणेल, एवढे लाड शरीराचे कशाला? बंधुभगिनींनो, एलीयाकडे पाहा. कर्मेलवरून तो कंबर बांधून अहाबाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावला. त्या धावेवर आपण प्रवचने ऐकली आहेत. पुढच्या अध्यायात तोच एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागतो, ते मात्र आपण घाईने वाचतो. देवदूत त्याला बोल लावत नाही. निखाऱ्यावरची भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो. पुन्हा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो, आणि वाट त्याला झेपणारी नाही हे स्वतःच बोलून दाखवतो. होरेबचा चाळीस दिवसांचा प्रवास त्यानंतर सुरू होतो. त्याच्या थकव्याला तेथे कोणी अविश्वास म्हटले नाही. आपल्याकडे लंगडणाऱ्याला हसून विचारतात, काय, विश्वास कमी पडला का? हे बंद झाले पाहिजे.

जानेवारीत येथे सूर्य सातनंतर उगवतो, म्हणून आमचा गट सध्या पावणेसातला टावरखाली जमतो. ज्याची मांडी दुखते तो शहीद पार्कपर्यंत चालून परत येतो, बाकीचे कोठी रोडला जातात. परतल्यावर पोहे सगळे जमल्याशिवाय मागवायचे नाहीत, असे ठरले आहे.