चेरापुंजीचे मिशनघर : लिपी कोणी दिली, किंमत कोणी मोजली?

(१) आदिवासी प्रदेशांत गेलेल्या मिशनऱ्यांविषयी समाजमाध्यमांवर दोनच चित्रे फिरत असतात. एका चित्रात मिशनरी हा अंधारात दिवा घेऊन आलेला देवदूत असतो. दुसऱ्यात तो साम्राज्याचा गुप्त हस्तक असतो. दोन्ही चित्रांत आदिवासी मात्र सारखाच निश्चल असतो : कोणीतरी त्याला काही देतो किंवा त्याच्याकडून काही हिरावून घेतो, तो स्वतः काहीच करीत नाही. खासी टेकड्यांतील वेल्श मिशनचा इतिहास या दोन्ही चित्रांना छेद देतो.

(२) हा इतिहास सुरू होण्यापूर्वीच इंग्रजांनी या टेकड्यांत रक्त सांडले होते. नोंगख्लावचा राजा उ तिरोत सिंग याने १८२९ ते १८३३ या काळात कंपनीशी झुंज दिली आणि १८३५ मध्ये ढाक्यात बंदिवासातच त्याचा अंत झाला. त्यानंतर सहा वर्षांनी, २२ जून १८४१ रोजी, थॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी पत्नी ॲन हिच्यासह चेरापुंजीला पोहोचला. गावात कंपनीची छावणी होती आणि मिशनचे घर तिच्याच सावलीत उभे राहिले. हे विसरून मिशनचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

(३) तथापि जोन्स हा राज्यकर्त्या इंग्रजांपैकी नव्हता. तो सुतारकाम जाणणारा, वेल्श भाषेत वाढलेला ग्रामीण माणूस होता. त्याच्या मायदेशात त्या भाषेची काय अवस्था होती, हे १८४७ च्या सरकारी शिक्षण अहवालावरून कळते. वेल्श न जाणणाऱ्या तीन इंग्रज आयुक्तांनी त्यात वेल्श लोकांना अज्ञानी व अनीतिमान ठरवले आणि त्यांची भाषा ही प्रगतीतील अडचण असल्याचे लिहिले. ज्यांची स्वतःची भाषा उपहासाचा विषय झाली होती, अशा समाजातील माणूस दुसऱ्या एका उपेक्षित भाषेची अक्षरे जुळवीत बसला होता.

(४) ती अक्षरे पहिली नव्हती. ज्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम केरी याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बाहेर पडले, त्याच श्रीरामपूर मिशनने खासी भाषेतही पुस्तके छापली होती. परंतु ती बंगाली लिपीत होती आणि ती रुजली नाहीत. जोन्सने रोमन लिपी घेतली आणि तिला वेल्श वळण दिले. आजही खासी वर्णमालेत 'बी'नंतर 'के' येतो आणि 'वाय' हे अक्षर वेल्शप्रमाणे स्वराचे काम करते. गोव्यातील रोमी कोंकणी पाहिलेल्या वाचकाला हे नवल वाटणार नाही. परकी अक्षरे देशी जिभेला सरावतात आणि काही पिढ्यांनी ती परकी राहत नाहीत.

(५) येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. काही महिन्यांपूर्वी आलेल्या परदेशी माणसाला खासी ध्वनी, शब्द आणि त्यांचे अर्थ शिकवले कोणी? उ दुवान राय आणि उ जुंगखा या खासी तरुणांना पूर्वीच्या मिशनशाळेमुळे थोडे इंग्रजी येत होते. तेच जोन्सचे सहायक आणि खरे पाहता शिक्षक झाले. १८४२ मध्ये खासीतील पहिले वाचनपुस्तक छापले गेले, त्यामागे या दोघांचे कानही होते. एका भाषेचा 'जनक' म्हणून एकाच परदेशी माणसाचे नाव घेणे म्हणूनच अर्धसत्य ठरते.

(६) दुसरी विस्मृती मिशनच्या घरातील स्त्रियांची आहे. मिशनरी एकटा नव्हे, पत्नीसह पाठवला जाई. त्याचे घर हाच 'आदर्श कुटुंबा'चा नमुना मानला जाई. मुलींना शिकवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे ही कामे पत्नीच्या वाट्याला येत, पण मिशनचा नियुक्त कार्यकर्ता म्हणून नाव पतीचेच लागे. ॲन जोन्स १८४५ मध्ये प्रसूतीनंतर चेरापुंजीतच मरण पावली. जगातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एका ठिकाणी चाललेल्या त्या संसाराची किंमत तिने प्राणांनी चुकवली. स्मारकांवर मात्र नाव पतीचे आहे.

(७) पुढे जोन्सचेही मिशनशी बिनसले. त्याने वयाने बऱ्याच लहान मुलीशी दुसरा विवाह केला, शेती व व्यापारात लक्ष घातले आणि १८४७ मध्ये मिशनने त्याच्याशी संबंध तोडला. याच काळात त्याने हॅरी इंग्लिस या बलाढ्य व्यापाऱ्याच्या दडपशाहीविरुद्ध तक्रारी केल्या. इंग्लिस हा तेथील कंपनीच्या राजकीय अधिकाऱ्याचा, लिस्टर याचा, जावई होता. निकाल काय लागणार, हे सांगायला नको. जोन्सला टेकड्या सोडाव्या लागल्या आणि १८४९ मध्ये तो कोलकात्यात मलेरियाने मरण पावला. साम्राज्याचा आश्रित त्याच साम्राज्याच्या सोयऱ्याशी भांडून देशोधडीला लागला, ही घटना 'हस्तक' या एका शब्दात मावत नाही.

(८) पण खरा संघर्ष घराच्या रचनेचा होता. वेल्श घरात कर्ता पिता होता. खासी समाजात कूळ आईकडून चालते. मुले आईच्या कुळाची असतात, मामाच्या शब्दाला मान असतो आणि वडिलोपार्जित घर सर्वांत धाकट्या मुलीकडे, 'का खद्दुह'कडे जाते. हा वारसा केवळ मालमत्तेचा नव्हता. कुळाचे विधी चालवणे आणि मृतांच्या अस्थी कुळाच्या सामायिक शिळास्थानी एकत्र आणण्याचा खर्च उचलणे, हे तिचे कर्तव्य होते. घर तिला मिळे, कारण धर्म तिच्याकडे असे.

(९) अशा घरातील धाकट्या मुलीने बाप्तिस्मा घेतला तर? १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या गर्डन यांच्या खासींवरील ग्रंथात याचे उत्तर सापडते : धर्म बदलणारी धाकटी मुलगी कुटुंबातील आपले स्थान गमावीत असे. शाळा, औषध आणि अक्षर यांच्या बदल्यात कोणते धागे तुटत होते, हे येथे दिसते. मिशनच्या सेवाकार्याचा हिशेब मांडताना हा रकाना वगळणे म्हणजे खोटा ताळेबंद सादर करणे होय.

(१०) आणि तरीही मातृवंश संपला नाही. आज मेघालयातील बहुसंख्य खासी ख्रिस्ती आहेत. पण मूल आईचेच कुळनाम लावते. प्रार्थनेचे घर बदलले, वंशाचे दार बदलले नाही. मिशनने दिलेल्यातून काय घ्यायचे आणि काय उंबऱ्याबाहेर ठेवायचे, याची निवड खासींनी केली.

(११) या निवडीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जीबोन राय. त्यांनी १८९६ मध्ये 'री खासी' छापखाना काढला, खासींच्या मूळ धर्मावर ग्रंथ लिहिला आणि हितोपदेशही खासीत आणला. १८९९ मध्ये सोळा तरुणांनी मूळ धर्म व चालीरीती जपण्यासाठी 'सेंग खासी' ही संस्था स्थापन केली. बायबल पोहोचवण्यासाठी घडवलेली अक्षरे अशा रीतीने, बायबल न स्वीकारणाऱ्यांच्याही हाती आली.

(१२) मेघालय सरकारने २०१८ मध्ये २२ जून हा दिवस दरवर्षी 'थॉमस जोन्स दिन' म्हणून पाळण्याचे जाहीर केले. कृतज्ञता ही वाईट गोष्ट नव्हे. पण त्या दिवशी ॲन जोन्सचे, दुवान राय व जुंगखा यांचे आणि तिरोत सिंगाचेही नाव उच्चारले गेले पाहिजे. तसेच घर व श्रद्धा यांपैकी एकाची निवड करावी लागलेल्या त्या अनाम धाकट्या मुलींचे स्मरणही झाले पाहिजे. मिशनरी चांगले होते की वाईट, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला फार दूर नेत नाही. कोणी काय आणले, कोणी काय गमावले आणि आणलेल्याचे लोकांनी काय केले, हे तीन प्रश्न गोंड, संथाळ, मुंडा किंवा मिझो अशा कोणत्याही प्रदेशातील मिशनला विचारता येतील. उत्तरे प्रत्येक ठिकाणी निराळी निघतील, आणि म्हणूनच ती शोधावी लागतील.