गरोदर स्त्रीच्या पोटदुखीची रात्रीही तपासणी व्हावी, यासाठी निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी महोदय, रत्नागिरी

विषय : गर्भवतींमधील अंडाशयाचा पीळ वेळीच ओळखण्याची तजवीज करण्याबाबत.

महोदय,

सविनय सादर की, याच विषयावर आम्ही तालुक्यातील स्त्रियांनी संबंधितांकडे वारंवार अर्ज केले. पावसाळ्यापूर्वी रुग्णालयात सोनोग्राफीची रात्रपाळी सुरू होईल असे आम्हांस समक्ष सांगण्यात आले, दिवाळीपूर्वी तेच आश्वासन पुन्हा मिळाले. तथापि सायंकाळी सोनोग्राफीच्या खोलीस लागलेले कुलूप आजही सकाळीच निघते.

गर्भारपणाच्या आरंभीच्या महिन्यांत अंडाशयावर गाठ असली, विशेषतः ती ५ सेंटिमीटरांहून मोठी असली, तर अंडाशय आपल्याच देठाभोवती पीळ खाऊ शकतो; मग त्याचा रक्तपुरवठा खुंटतो, आणि ओटीपोटात एका बाजूस एकाएकी उठणारी कळ व उलट्या यांची गणना डोहाळ्यांत, पित्तात, उजवीकडे दुखत असल्यास अपेंडिक्समध्येही होऊन बसते. वेळीच दुर्बिणीतून पीळ सोडविल्यास अंडाशय वाचतो आणि गर्भही बहुधा सुखरूप राहतो; विलंबाने मात्र अंडाशय निर्जीव होऊ शकतो.

आमच्यापैकी तिसऱ्या महिन्यातील एका गर्भवतीस अशीच कळ आली असता, "या दिवसांत दुखायचंच, सकाळी या," असे सांगून पित्ताची गोळी देण्यात आली. पदराचा बोळा दातांत धरून तिने रात्र बाकावर काढली. सकाळी सोनोग्राफी, दुपारी चिठ्ठी, आणि मग आंबा घाटाने कोल्हापुरास रवानगी झाली. गर्भ वाचला, अंडाशय काढावा लागला. त्या प्रसंगानंतर चौकशीचे अभिवचन मिळाले, तेही दफ्तरी पडून आहे.

सबब आमच्या मागण्या :

१. ओटीपोटात तीव्र कळ असलेल्या प्रत्येक गर्भवतीची सोनोग्राफी रात्री-अपरात्रीही व्हावी. डॉप्लर तपासणीत रक्तप्रवाह दिसला एवढ्यावर पीळ नाही असे ठरवू नये. स्त्रीरोगतज्ज्ञाने तिला समक्ष तपासावे, आणि शस्त्रक्रियेची सोय नसल्यास १०८ रुग्णवाहिकेने तत्काळ पुढे पाठवावे. सकाळची वाट पाहण्यास सांगणाऱ्याने त्याचे कारण केसपेपरवर स्वाक्षरीनिशी नोंदवावे.

२. आशा कार्यकर्त्यांना या लक्षणांची माहिती द्यावी.

३. प्रतीक्षागृहात खाटेची सोय व्हावी.

आपल्या सहृदयतेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु तोंडी आश्वासने आम्ही पुरेशी ऐकली आहेत. रात्रपाळी कोणत्या तारखेपासून सुरू होणार, एवढा लेखी हुकूम काढावा आणि त्याची प्रत आम्हांस द्यावी, ही आग्रहाची विनंती.

आपल्या विश्वासू,
तालुक्यातील स्त्रिया