कॅमेरा आपला, डोळा साहेबाचा

सोनई हे ऊसमळ्यांचे आणि साखर कारखान्याचे गाव. शनिशिंगणापूरला निघालेला भाविक येथून पुढे जातो. नेवासे तालुक्याच्या या सपाट काळ्या रानातून सह्याद्रीचा माथा दिसत नाही. तरीही दुकानातील दिनदर्शिकेवर, पतसंस्थेच्या भिंतीवर आणि तरुणांच्या मोबाईलवर सह्याद्री हजर असतो. कधी ढगांत बुडालेला कोकणकडा, कधी रंधा धबधबा, कधी कळसूबाईचे शिखर. चित्र देखणे असते. त्यात काय नसते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

वास्तविक सोनईकराचा या डोंगराशी असलेला संबंध भिंतीवरच्या चित्रापुरता नाही. मुळा नदी हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावते. बारागाव नांदूरच्या 26 टीएमसीच्या धरणात तिचे पाणी अडते आणि उजव्या कालव्याने नेवाशाच्या उसाला मिळते. प्रवरा रतनगडाकडून येते. तिच्याच तीरावर नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आणि वर हरिश्चंद्रगडावर चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ रचले. पाणलोटाच्या दोन टोकांना दोन ग्रंथ! हे पाणी ज्यांच्या अंगणातून वाहत खाली येते ती अकोले तालुक्यातील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे मात्र या छायाचित्रांतून बेपत्ता आहेत.

ही नजर आली कोठून? मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्यातील विल्यम जॉन्सन याने मुंबई इलाख्यातील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड 1863 आणि 1866 साली प्रसिद्ध केले. त्याची पद्धत मोठी बोलकी आहे. माणसे एकीकडे टिपायची, देखावा दुसरीकडे टिपायचा आणि दोन्ही चिकटवून एक चित्र बनवायचे! माणूस आणि त्याची भूमी यांचे नाते साहेबाच्या लेखी इतके सैल होते. सत्तावन्नच्या समरानंतर सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले, तेही प्रजा नमुन्यांसारखी ओळीने मांडण्यासाठीच. त्याच काळात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही मुंबईत कॅमेरा चालवीत होते, हे मात्र आपल्याला शाळेत कोणी शिकविले नाही.

जॉन्सनने माणूस कापून देखाव्यावर चिकटविला. आजचा हौशी छायाचित्रकार माणूस कापून टाकतो आणि देखावा तेवढा ठेवतो. चौकटीत विजेचा खांब नको, पत्र्याचे घर नको, हिरड्याचे ओझे घेऊन चाललेली बाई नको. मग खाली लिहायचे ‘अस्पर्श निसर्ग’. जेथे पिढ्यान्‌पिढ्या नागली-वरईची शेते कसली गेली, त्या उताराला अस्पर्श म्हणणे हा अज्ञानाचा कळस आहे.

नावांचेही तेच. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले आणि मुंबईच्या गव्हर्नराचे, विल्सनचे, नाव त्याला मिळाले. जवळच्या देवगावात जन्मलेल्या राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. जलाशयाच्या किती चित्रांखाली राघोजींचे नाव वाचायला मिळते? जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, याचा आनंद आहेच. पण छायाचित्राखालची ओळ बदलायला तर शासन निर्णयही लागत नाही.

माणूस चौकटीत येतो, तेव्हा तरी काय घडते? इरले पांघरलेली, सुरकुतल्या चेहऱ्याची एक म्हातारी टिपली जाते. शहरातील प्रदर्शनात ती ‘निरागस हास्य’ होऊन टांगली जाते. तिला नाव नसते, तिची परवानगी नसते आणि त्या चित्राची प्रत तिच्या घरी कधीच पोहोचत नाही. दारिद्र्याला सौंदर्य म्हणून विकण्याचा हा व्यवहार आहे. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी 2020 सालची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या बायांनाही नाव, गाव आणि विद्या असते हे अनेकांना प्रथमच कळले. दिवाळीनंतर येथील कुटुंबे मजुरीसाठी नारायणगावाकडे उतरतात. घाटघरला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो, तरी डोंगरातल्या वाड्यांवर उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात. हे रोजचे जीवन नव्हे काय? पण दिनदर्शिकेच्या बारा पानांत त्याला जागा नाही.

येथे आपल्याच मंडळींना दोन शब्द सुनावले पाहिजेत. गडावर जाऊन घोषणा देणारे, भगव्यासह छायाचित्र काढून घेणारे तरुण आपलेच आहेत. केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवतीच्या गार पाण्यात उभे राहून ‘पोझ’ देणारेही आपलेच. हे देवस्थान आहे की स्टुडिओ? रतनवाडीच्या अमृतेश्वराचे शिल्प टिपताना त्या मंदिरात दिवा कोण लावतो, याची चौकशी किती जण करतात? धर्माभिमान छायाचित्रापुरता असेल, तर परक्या नजरेला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

अर्थात, कॅमेरा दोषी नाही. गो. नी. दांडेकरांनीही कॅमेरा गळ्यात घालून दुर्ग पालथे घातले. पण ते गडाखालच्या झोपडीत भाकरी खात, तेथील माणसांशी बोलत. त्यांच्या चित्रांआधी पायपीट होती आणि ओळख होती. आज गाडी थेट पायथ्याशी जाते, ड्रोन वर जातो आणि चित्र दुसऱ्या दिवशी हजारो मोबाईलवर फिरते.

मेअखेरीस या परिसरात काजव्यांचा हंगाम सुरू होतो. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडे लुकलुकू लागतात. हा प्रकाश म्हणजे काजव्यांच्या मीलनाची भाषा. त्यावर गाड्यांचे दिवे आणि कॅमेऱ्यांचे झोत पडले की ती तुटते. झाडाखालच्या मातीत त्यांची पुढची पिढी वाढते, ती बुटांखाली चिरडते. 1986 साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या वनात रात्री किती गाड्या सोडायच्या, हे वनखात्याने गावांना बरोबर घेऊन, हंगामापूर्वी ठरवावे. वाटाड्याशिवाय कोणाला आत सोडू नये आणि तो वाटाड्या त्याच गावचा असावा. सोनई-नेवाशाकडून जाणाऱ्या शाखांनी आणि महाविद्यालयांच्या चमूंनी आपल्यापुरता हा नियम पुढच्या सहलीपासूनच पाळावा. काढलेल्या चित्रांच्या प्रती परत नेऊन देण्याचा दिवसही निघतानाच ठरवावा.