ताळेबंद न मांडता मिळालेली पदवी

मार्च 2020 मध्ये महासाथीमुळे महाविद्यालयांची दारे बंद झाली आणि अध्यापन मोबाइलच्या पडद्यावर आले. मधले काही आठवडे वगळता ऑक्टोबर 2021 पर्यंत राज्यात हीच स्थिती होती. त्या वेळचे वाणिज्य शाखेचे विद्यार्थी पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडले. त्या काळात जडलेली वृत्ती मात्र महाविद्यालयांतून गेलेली नाही. रिकाम्या बाकांकडे बोट दाखवून ‘पोरे आळशी झाली’ असा निवाडा देण्याचा प्रघात पडला आहे. तो निवाडा सोयीचा आहे, न्याय्य नाही.

ताडोबाच्या वेशीवरील मोहर्लीचेच पाहावे. चंद्रपूर येथून सुमारे तीस किलोमीटर. गावातील अनेकांची रोजी जंगल सफारीवर. कोणी गाइड, कोणी जिप्सीचा चालक, कोणी रिसॉर्टमध्ये कामाला. व्याख्यान घरबसल्या मिळू शकते हे एकदा अनुभवास आल्यावर एस.टी.चे भाडे आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब तेथील विद्यार्थी मांडणारच. खर्च व लाभ ताडून पाहणे हेच तर त्याला शिकविले जाते! 2020 साली पर्यटन थांबले होते, घरात पैसा नव्हता, आणि तास ऐकायचा तर रिचार्ज आणि रेंज दोन्ही हवे होते. तेव्हा बुडालेले तास आळसाच्या खात्यावर टाकता येणार नाहीत.

नुकसान झाले ते अन्यत्र. परीक्षेविना पदवी नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 2020 रोजी दिला. त्यानंतर राज्यातील विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्या त्या बहुतांशी बहुपर्यायी, घरी बसून देण्याच्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे यात नुकसान झाले असेल. वाणिज्याच्या विद्यार्थ्याचे तर मूळच हरवले. ताळेबंदाच्या दोन बाजू जुळत नाहीत, वेळ संपत आलेली असते, आणि चूक कोठे आहे हे पुन्हा पहिल्या नोंदीपासून शोधावे लागते. हिशेबनीस घडतो तो या अस्वस्थ अर्ध्या तासात. चार पर्यायांत उत्तर आधीच छापलेले असेल तर शोधायचे काय? पदवी ही मिळवायची नसून पदरात पाडून घ्यायची वस्तू आहे, ही समजूत येथूनच दृढ झाली. विद्यार्थ्यांना ती विद्यापीठांनीच शिकविली.

हिशेब पडताळणाऱ्या माणसाची गरज काय, हे मोहर्लीच्या विद्यार्थ्याला दूर जाऊन पाहावे लागत नाही. ताडोबाच्या सफारीचे आरक्षण ऑनलाइन झाले. पुढे आरक्षणाचे काम पाहणाऱ्या कंपनीने ताडोबा प्रतिष्ठानाचे सुमारे 12 कोटी रुपये भरलेच नाहीत, असा आरोप होऊन 2023 मध्ये चंद्रपुरात गुन्हा नोंदविला गेला. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. पण जमा रक्कम आणि येणे रक्कम यांतील तफावत लेखापरीक्षणातूनच पुढे आली, हे वाणिज्याच्या प्रत्येक वर्गात सांगण्याजोगे आहे.

तेव्हा केवळ हजेरीची सक्ती करून भागणार नाही. जो तास पडद्यावर जसाच्या तसा मिळू शकतो, त्यासाठी तीस किलोमीटर कोणी येणार नाही, येऊही नये. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण जोडले आहे. गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात ते बचत गटांच्या वह्यांवर, ग्रामसभांच्या तेंदूपानांच्या व्यवहारांवर आणि वनपर्यटनाच्या जमाखर्चावर देता येईल. विद्यार्थ्याने तेथील खऱ्या नोंदींवरून ताळेबंद तयार करावा आणि परीक्षकासमोर बसून त्यातील प्रत्येक आकडा समजावून सांगावा. प्राध्यापकांचे काम त्याने वाढेल. तेवढ्यासाठी त्यांना गावोगावी जाण्याचा प्रवासखर्च मंजूर करण्याची तयारी विद्यापीठाने आधी दाखवावी.