जुन्या पीसीची झाली तिजोरी!

मुलांचे वाढदिवस, आजीच्या आवाजातल्या ओव्या, लग्नाचा व्हिडिओ... घराचा सगळा इतिहास आता मोबाइलच्या पोटात असतो. मोबाइल हरवला की इतिहासही गेला! माळ्यावर धूळ खात पडलेल्या संगणकातून घरच्या घरी या ठेव्याची तिजोरी उभी करता येते. फक्त एक गैरसमज डोक्यातून काढून टाकायला हवा.

गोष्ट १९९८ सालची. अमेरिकेतल्या पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ या अॅनिमेशनपटाचं काम जोरात सुरू होतं. एक दिवस ओरेन जेकब या तंत्रज्ञाच्या डोळ्यांदेखत चित्रपटाचा नायक, म्हणजे वूडी नावाचा बाहुला, अदृश्य व्हायला लागला. आधी टोपी गेली, मग बूट आणि मग अख्खा वूडीच! कुणीतरी चुकून संगणकाला फायली पुसण्याचा हुकूम देऊन बसलं होतं. धावपळ करून यंत्र बंद करेपर्यंत चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला होता.

काळजीचं कारण नव्हतं. एवढा मोठा स्टुडिओ, बॅकअपची व्यवस्था होतीच. प्रत्यक्षात ती व्यवस्था कित्येक दिवस नीट चालतच नव्हती आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं!

अखेर तारणहार ठरल्या गॅलिन सुसमन. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या. त्यासाठी चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून, तान्ह्या बाळासारखा जपत स्टुडिओत आणण्यात आला. काम वाचलं. नोव्हेंबर १९९९मध्ये चित्रपट पडद्यावर आला...

करोडोंचा धंदा करणाऱ्या स्टुडिओची ही गत, तर तुमच्या-आमच्या घरातल्या फोटोंचं काय?

फुकटचं संपलं

काही वर्षं फोटोंची चिंता गुगलवर सोपवून लोक निर्धास्त होते. फोटोंसाठी अमर्याद फुकट जागा देणारी ती सोय १ जून २०२१पासून बंद झाली. आता ई-मेल, फोटो, कागदपत्रं सगळं मिळून १५ जीबी फुकट, त्यापुढे भाडं. जागा भाड्याची म्हटल्यावर भाडं थकवून चालत नाही!

याला पर्याय म्हणजे स्वतःच्या मालकीचं कोठार. त्याचं नाव नेटवर्क अॅटॅच्ड स्टोरेज, थोडक्यात ‘नॅस’. नाव जडजंबाल असलं तरी कल्पना साधी आहे. इंटरनेटच्या राउटरला तारेने जोडलेला, पडदा आणि कीबोर्ड नसलेला एक संगणक. घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही आपापल्या जागेवरून त्यात फायली ठेवतात आणि काढतात. बाजारात तयार नॅस मिळतात, पण रिकाम्या डब्यालाही भरपूर पैसे मोजावे लागतात. डिस्कचा खर्च वेगळाच. जुना पीसी असेल तर डब्याचा खर्च वाचतो.

काय जुनं, काय नवं

फायली सांभाळणं हे संगणकाच्या दृष्टीने हलकं काम. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचा ६४ बिटचा, दोन कोअरचा प्रोसेसरही पुरतो. रॅम मात्र ८ जीबी असलेली बरी. जुना मदरबोर्ड, कॅबिनेट, पंखे चालतील.

दोन वस्तू मात्र जुन्या वापरू नयेत. पहिली म्हणजे वीज पुरवणारा एसएमपीएस. हा डबा दिवसरात्र चालणार आणि एसएमपीएस बिघडला तर जाताना डिस्कनाही घेऊन जाऊ शकतो. इथे दोन पैसे वाचवणं महागात पडतं. दुसरी वस्तू म्हणजे हार्ड डिस्क. सात-आठ वर्षं फिरलेल्या डिस्कवर बाळाचा पहिला फोटो ठेवणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं!

नवी डिस्क घेताना दुकानदाराला ती ‘सीएमआर’ आहे की ‘एसएमआर’ हे जरूर विचारा. एसएमआर डिस्कमध्ये जास्त माहिती मावावी म्हणून चकतीवरच्या रेषा मंगलोरी कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, तसंच इथेही. एका जागी नवं लिहायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं आणि डिस्क रडतखडत चालते. नॅससाठी सीएमआरच बरी. मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा.

क्षमता किती हवी? एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला तर १ टीबीत अडीच लाख फोटो मावतात. जागा खातात ते व्हिडिओ. सर्वसाधारण कुटुंबाला ४ टीबीची जोडी बरीच वर्षं पुरेल.

नेटवर्कच्या खाचेकडेही लक्ष हवं. ती गिगाबिटची असेल तर ५०० जीबीचा खजिना तारेने सव्वा तासात पोचतो. जुनी १०० मेगाबिटची निघाली तर त्याच कामाला बारा तासांहून जास्त वेळ लागतो. स्वस्तातलं गिगाबिट कार्ड बसवलं की प्रश्न मिटला... राउटरही गिगाबिटचा असला म्हणजे झालं.

एकाला दुसरी साथ

जोडी कशासाठी? डिस्क आज ना उद्या बिघडणारच, हे धरूनच चालावं लागतं. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध सादर केला. एका महागड्या, भल्यामोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपाव्यात आणि एखादी मेली तरी उरलेल्यांनी काम चालू ठेवावं, असं त्यांचं म्हणणं. त्या पद्धतीला त्यांनी ‘रेड’ हे नाव दिलं. तिचा घरगुती उपयोगाचा प्रकार म्हणजे आरसा, अर्थात मिरर. एका डिस्कवर जे लिहिलं जातं, तेच त्याच क्षणी दुसरीवरही. ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तरी वापरायला मिळतात ४ टीबीच, पण एक डिस्क गेली तर रडायची वेळ येत नाही. बिघडलेली काढा, नवी बसवा, आरसा पुन्हा तयार!

हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ट्रूनॅस आणि ओपनमीडियाव्हॉल्ट ही त्यातली दोन प्रसिद्ध नावं. छोट्या एसएसडीवर ते बसवायचं, नंतर दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून सगळा कारभार बघायचा. ट्रूनॅसमध्ये झेडएफएस नावाची पद्धत असते. ती प्रत्येक फायलीची जणू अंगठ्याची खूण घेऊन ठेवते. पुढे डिस्कवर एखादं अक्षर आपोआप बिघडलं तर खूण जुळत नाही. मग आरशातली चांगली प्रत घेऊन दुरुस्ती होते. ही तपासणी महिन्यातून एकदा आपोआप होईल अशी सोय करून ठेवा.

वीज, उकाडा आणि चोरवाट

डबा ४० वॅट खात असेल तर दिवसाला साधारण एक युनिट, महिन्याला २९ युनिट. विजेच्या बिलात हा आकडा धरूनच निर्णय घ्या. वीज अचानक जाणं हा नॅसचा शत्रू. म्हणून यूपीएस हवाच, तोही यूएसबी तारेने नॅसशी बोलणारा. बॅटरी संपत आली की नॅस शिस्तीत स्वतःला बंद करून घेतो. डबा बंद कपाटात, देवघराच्या धुपाजवळ किंवा स्वयंपाकघराच्या वाफेत ठेवू नका. मोकळी हवा हवी, आणि दिवाळीच्या साफसफाईत पंख्यांवरची धूळही निघायला हवी.

आणखी एक. ऑफिसातूनही फोटो बघता यावेत म्हणून नॅसला इंटरनेटवर थेट दार उघडून देण्याचा मोह होतो. जानेवारी २०२२मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने अशाच उघड्या दारांतून शिरून अनेक घरगुती नॅसमधल्या फायलींना कुलपं घातली आणि किल्लीसाठी पैसे मागितले. नॅस घरात आहे, घरातच राहू द्या.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे!

आता तो गैरसमज. दोन डिस्क म्हणजे दोन प्रती, मग बॅकअप झालाच, असं पुष्कळांना वाटतं. साफ चूक! आरसा समोरचं सगळंच दाखवतो. धाकट्याने चुकून ‘गोवा सहल’ हा फोल्डर पुसला की तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. पिक्सारच्या वूडीचं झालं तेच. सॉफ्टवेअरमधली ‘स्नॅपशॉट’ची सोय चालू ठेवली तर कालची स्थिती परत आणता येते. पण चोराने डबाच उचलून नेला तर? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, मुंबईत तळमजल्यांवरची घरं पाण्यात गेली. अशा पाण्यात डबा बुडाला तर एक काय, दोन काय, डिस्क एकदमच जातात.

म्हणूनच छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेलं ३-२-१चं सूत्र लक्षात ठेवावं. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. घरच्या भाषेत सांगायचं तर एक प्रत नॅसवर, एक सुट्या यूएसबी डिस्कवर, आणि एक गावच्या काकांकडे किंवा विवाहित बहिणीकडे. गणपतीला गावी जाताना ताजी डिस्क न्यायची, जुनी परत आणायची. वर्षातून दोनदा एवढं केलं तरी पुष्कळ!

दोन कामं मात्र लगोलग करा. पहिलं, बॅकअपमधून दहा फोटो खरोखर परत काढून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे पिक्सारची ती बंद पडलेली व्यवस्था.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. असा डबा बहुधा घरातला एकच उत्साही माणूस बांधतो आणि पासवर्डही त्याच्याच डोक्यात असतो. त्याला उद्या काही झालं तर घरच्यांच्या हाती उरतं एक गुरगुरणारं खोकं... आत सगळ्या आठवणी, पण उघडता कुणालाच येत नाही. म्हणून नॅसचा पत्ता, पासवर्ड आणि चार ओळींच्या सूचना साध्या मराठीत कागदावर लिहा. तो कागद विम्याच्या पॉलिसीशेजारी ठेवा. सुट्या डिस्कवरचे फोटोही साध्या फोल्डरमध्ये असू द्या, कुठल्याही लॅपटॉपला लावले की दिसतील असे.

मग एखाद्या रविवारी पत्नीला किंवा आईला तो कागद द्या आणि स्वतः गप्प बसा. आजीचा आवाज त्यांना शोधून ऐकता आला, तर तिजोरी खऱ्या अर्थाने तयार झाली!